बिछडीचा गाळ

राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात बिछडी नावाचे छोटेसे गाव आहे. गाव शेतीवर जगणारे आणि शेती विहिरींवर. उत्तरेला हिंदुस्थान झिंक या त्या वेळच्या सरकारी कंपनीचा मोठा कारखाना होता, पण त्याची झळ बिछडीला लागली नव्हती. १९८८ नंतर मात्र इथल्या विहिरींचे पाणी काळपट होऊ लागले. आधी ते माणसांना पिण्याजोगे राहिले नाही, मग गुरांनाही देता येईना, आणि शेवटी शेताला सोडायचीही सोय उरली नाही. गावाच्या हद्दीतच नव्याने उभ्या राहिलेल्या रासायनिक कारखान्यांच्या आवारात आणि आवाराबाहेर गाळाचे ढीग साचले होते. हा गाळ पावसाबरोबर जमिनीत मुरत होता.

कारखाना बंद पाडणे त्या मानाने सोपे होते आणि ते झालेही. खरा पेच नंतरचा होता. जमिनीत उतरलेले विष काढायचे कोणी आणि त्याचा खर्च सोसायचा कोणी, याचे सरळ उत्तर तेव्हाच्या भारतीय कायद्यात कुठेही लिहिलेले नव्हते. ते मिळवायला एका वकिलाला, नागपूरच्या एका संशोधन संस्थेला आणि सर्वोच्च न्यायालयाला साडेसहा वर्षे लागली. पुढची पंधरा वर्षे त्या उत्तराची वसुली टाळण्यात गेली.

बिछडीची कहाणी सुरू होते ती एका रसायनापासून. त्याचे नाव एच-आम्ल. कापड रंगवण्याच्या कृत्रिम रंगांसाठी लागणारा हा मधला पदार्थ. नॅफ्थॅलिनवर सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्लांच्या प्रक्रिया करून, मग लोखंडाच्या भुग्याने त्याचे क्षपण करून तो तयार करतात. जास्तीचे आम्ल चुन्याने मारावे लागते. त्यामुळे या धंद्यात माल कमी आणि कचरा फार: लोखंडाच्या भुग्यापासून लोहयुक्त गाळ, चुन्यापासून जिप्समचा गाळ आणि वर गडद रंगाचे आम्लयुक्त सांडपाणी. या सांडपाण्यातली संयुगे पाण्यात सहज विरघळतात, पण त्यांचे विघटन सहजी होत नाही. प्रक्रिया न करता ते सोडले, की जमिनीत शिरायला त्याला अडवणारे काही नसते.

पाश्चात्त्य देशांनी या कचऱ्यापायी एच-आम्लाच्या उत्पादनावर बंदी घातल्याचे सांगितले जात होते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही पुढे तशी नोंद केली. पण तिकडची गरज संपलेली नव्हती. माल पाश्चात्त्यांना हवाच होता, कचरा तेवढा नको होता. ही गरज भागवायला गुजरात-राजस्थानात कारखाने उभे राहिले. निर्यात होते, परकीय चलन येते, मागास भागात रोजगार मिळतो, असे म्हटले की ऐंशीच्या दशकात सरकारी दारे पटापट उघडत.

बिछडीत १९८७ मध्ये हिंदुस्थान ॲग्रो केमिकल्स या कंपनीने ओलियम, म्हणजे अतितीव्र सल्फ्युरिक आम्ल, आणि सिंगल सुपर फॉस्फेट हे खत बनवायला सुरुवात केली. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून ना-हरकत मिळाली होती ती वेगळ्याच उत्पादनांसाठी. फेब्रुवारी १९८८ मध्ये त्याच आवारात सिल्व्हर केमिकल्स या भगिनी कंपनीने एच-आम्लाचे उत्पादन सुरू केले, तेही मंडळाच्या परवानगीवाचून. संमतीसाठी केलेला अर्ज मंडळाने त्याच वर्षी मे महिन्यात फेटाळला. ज्योती केमिकल्स या तिसऱ्या कंपनीने तुरटीच्या जातीच्या एका रसायनासाठी ना-हरकत घेतली आणि बनवले एच-आम्ल. खतांच्या आणखी दोन कंपन्या तिथेच होत्या. कागदावर पाच नावे होती, पण आवार एक आणि मालकही त्याच गोटातले.

सिल्व्हर केमिकल्सने सुमारे ३७५ टन एच-आम्ल बनवले. मागे उरला दोन हजार चारशे टनांहून अधिक विषारी गाळ. एका टनाला सहा टनांहून जास्त, असे हे गणित होते. गाळ उघड्यावर टाकला गेला आणि सांडपाणी वाट फुटेल तिकडे सोडले गेले.

प्रकरणाचे पडसाद संसदेत उमटले. कारवाई चालू आहे, असे मंत्र्यांनी सांगितले, पण गावात काही हलले नाही. मंडळ पत्रे पाठवत होते, परवाना रद्द करा, वीज-पाणी तोडा, असे राज्य सरकारला कळवत होते. शेवटी गावकरीच रस्त्यावर उतरले. परिस्थिती इतकी चिघळली, की जिल्हा दंडाधिकाऱ्यांना १४४ कलम लावावे लागले. जानेवारी १९८९ मध्ये एच-आम्लाचे उत्पादन थांबले. म्हणजे सगळा उपद्रव जेमतेम वर्षभराचा होता. मात्र गाळ जागचा हलला नव्हता आणि विहिरींचे पाणीही सुधारले नव्हते.

आता कायदा काय सांगत होता ते पाहू. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखाली कारखानदारावर खटला भरता येत होता. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला होता आणि त्याने केंद्र सरकारला व्यापक अधिकार दिले होते. दोन्ही कायद्यांचा रोख प्रदूषण रोखण्यावर आणि गुन्हेगाराला शिक्षा करण्यावर होता. आधीच नासलेली जमीन पूर्ववत करण्याचे कलम त्यांत ठळकपणे नव्हते. गावकऱ्यांना दिवाणी दावा लावता आला असता. पण त्यासाठी एकेकाने कोर्ट फी भरून, माझ्या विहिरीतले हे रसायन याच कारखान्यातून आले, असे तज्ज्ञांच्या साक्षीने सिद्ध करायचे होते. विहीर गमावलेल्या शेतकऱ्याला हे कुठून झेपणार?

अमेरिकेत असाच प्रसंग थोडा आधी येऊन गेला होता. न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनॉलमध्ये हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात हजारो टन रासायनिक कचरा पुरला आणि ती जागा एक डॉलरला शाळा मंडळाला देऊन टाकली. तिथे शाळा झाली, घरे झाली आणि सत्तरच्या दशकात तळघरांतून रसायने वर येऊ लागली. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तिथे आणीबाणी जाहीर केली आणि डिसेंबर १९८० मध्ये ‘सुपरफंड’ या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. त्याची रचना रोखठोक होती: सरकारने आधी स्वतःच्या निधीतून जागा साफ करायला घ्यावी आणि मग जबाबदार कंपन्यांच्या मागे लागून पैसे वसूल करावेत. भारतात असा निधी नव्हता आणि कायदाही नव्हता. होती ती राज्यघटना, आणि तिच्या ३२ व्या कलमाने उघडे ठेवलेले सर्वोच्च न्यायालयाचे दार.

हे दार वारंवार ठोठावणाऱ्यांत महेशचंद्र मेहता यांचे नाव पहिल्या ओळीत येते. एम. सी. मेहता मूळचे जम्मूतल्या राजौरीचे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले. १९८४ मध्ये त्यांनी ताजमहालाच्या आसपासच्या उद्योगांच्या धुराविरुद्ध याचिका केली आणि पुढच्या वर्षी गंगेच्या प्रदूषणाविरुद्ध. दिल्लीतल्या दाट वस्तीत असलेल्या श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्याविरुद्धची त्यांची याचिका न्यायालयात असतानाच, ४ डिसेंबर १९८५ रोजी तिथून ओलियम वायूची गळती झाली. भोपाळला नुकते वर्ष झाले होते. या गळतीत तीस हजारी न्यायालयातल्या एका वकिलाचा मृत्यू झाला.

त्या प्रकरणात २० डिसेंबर १९८६ रोजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने जो निकाल दिला, तो बिछडीचा पाया ठरला. तोवर इंग्लंडमधल्या ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ या १८६८ च्या खटल्यातला नियम चालत असे. धोकादायक वस्तू बाळगणाऱ्याने नुकसान भरून द्यावे, असे तो नियम म्हणे. पण देवाची करणी, तिऱ्हाइताचे कृत्य, जमिनीचा नैसर्गिक वापर अशा अपवादांच्या इतक्या पळवाटा त्यात होत्या, की चांगला वकील अशिलाला सुखरूप बाहेर काढी. भगवतींच्या पीठाने ते अपवाद काढून टाकले. धोकादायक उद्योग चालवून नफा कमावणाऱ्याने, त्यातून कोणाला इजा झाली तर, काळजी घेतली होती की नव्हती हे न पाहता भरपाई द्यायची. हेच ‘संपूर्ण दायित्व’.

तत्त्व जाहीर झाले, पण त्या खटल्यात न्यायालयाने त्याखाली भरपाईचा आदेश दिलेला नव्हता. भोपाळच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाच्याच नंतरच्या काही निकालांत त्या तत्त्वाच्या बंधनकारकतेविषयी शंका घेतल्या गेल्या. ते केवळ ओघात मांडलेले मत होते, त्या खटल्याचा निर्णय त्यावर अवलंबून नव्हता, असा त्या शंकांचा सूर होता. एखाद्या खऱ्या गावाच्या खऱ्या नुकसानीवर ते वापरून दाखवणे बाकी होते.

ऑगस्ट १९८९ मध्ये इंडियन कौन्सिल फॉर एन्व्हायरो-लीगल ॲक्शन या संस्थेने बिछडीसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. याचिकादारांतर्फे बाजू मांडणारे वकील होते मेहता. कंपन्यांबरोबर केंद्र सरकार, राजस्थान सरकार आणि प्रदूषण मंडळ यांनाही प्रतिवादी केले होते. ही मांडणी विचारपूर्वक केलेली होती. कलम ३२ खालची याचिका मुळात राज्यसंस्थेविरुद्ध चालते, खासगी कंपनीविरुद्ध चालेल की नाही यावर वाद होऊ शकतो. पण कायदा राबवण्याचे कर्तव्य सरकारने आणि मंडळाने पार पाडले नाही आणि त्यामुळे गावकऱ्यांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आला, असे म्हटले की गाठ सरकारशी पडते आणि कंपनी आपोआप कक्षेत येते.

न्यायालयापुढे पहिला प्रश्न कायद्याचा नव्हताच. गाळ नेमका किती, कुठे, किती खोल गेला आणि आता करायचे काय, हे सांगणारा कोणीतरी हवा होता. डिसेंबर १९८९ मध्ये न्यायालयाने हे काम नागपूरच्या नीरीकडे, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे सोपवले. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था म्हणून नागपुरात सुरू झालेली ही संस्था पिण्याच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या कामासाठी ओळखली जात होती. तत्काळ करायचे उपाय आणि लांब पल्ल्याचे उपाय असे दोन्ही तिला सुचवायचे होते. पर्यावरणाच्या खटल्यांत नीरीचा अहवाल मागवायचा, हा पुढे सर्वोच्च न्यायालयाचा शिरस्ताच होऊन बसला.

१९९० च्या पावसाळ्याआधी न्यायालयाला घाई होती. आणखी एक पाऊस पडला तर ढिगांतले विष आणखी खोल जाणार, हे उघड होते. म्हणून कंपन्यांना हुकूम झाला: सगळा गाळ गोळा करा आणि खड्डे खणून, ते पक्के बंदिस्त करून त्यांत भरा. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या तज्ज्ञांनी पाहणी केली, तेव्हा सुमारे २,४४० टनांपैकी ७२० टन गाळ खड्ड्यांत गेलेला आढळला. उरलेला मातीत मिसळलेला, इकडेतिकडे पसरलेला. एकदा गाळ मातीत कालवला गेला, की गाळ कुठला आणि माती कुठली हे सांगता येत नाही. मग २,४४० टनांचा प्रश्न त्याच्या कितीतरी पट मातीचा होऊन बसतो. हुकूम मोडणाऱ्यांनी आपल्याविरुद्धचा पुरावाही अशा रीतीने पातळ केला होता.

नीरीचा सविस्तर अहवाल १९९४ मध्ये आला. बाधित जमीन ३५० हेक्टर आणि कारखान्याच्या आवाराबाहेर गाळ टाकून सोडून दिलेल्या सहा जागा, अशी त्याची व्याप्ती होती. दूषित माती हलवायची किंवा तिच्यावर जागीच प्रक्रिया करायची, विहिरींतले पाणी उपसून ते शुद्ध करायचे, गाळ सुरक्षित भूभरावात न्यायचा, अशी कामे करायची तर खर्च ४० कोटी रुपयांच्या पुढे जाईल, असा अंदाज निघाला. न्यायालयाच्या आदेशांनुसार ज्या उपायांनी प्रदूषण आवरायला हवे होते, ते कंपन्यांनी धडपणे केले नव्हते, हेही त्यातून दिसून आले.

कंपन्यांचा बचाव अनेक तोंडांचा होता. आम्ही खासगी कंपन्या आहोत, आमच्याविरुद्ध अशी याचिकाच चालत नाही. मंडळाचे अधिकारी आमच्यावर डूख धरून आहेत. प्रदूषण झालेच असेल तर ते आमच्यामुळे कशावरून, शेजारी मोठा कारखाना आहेच. नुकसानभरपाई मागायची तर ज्याने त्याने दिवाणी न्यायालयात जावे. या युक्तिवादांपुढे याचिकादारांचे बळ मेहतांच्या वक्तृत्वापेक्षा कागदांत होते. मंडळाची नकारपत्रे, मंत्रालयाच्या पाहण्या, नीरीचे पृथक्करण आणि न्यायालयाचेच मोडलेले आदेश, असे एकमेकांना दुजोरा देणारे कागद सहा वर्षांत जमा झाले होते. सगळ्या संस्थांनी मिळून एका कारखानदाराविरुद्ध कट केला, असे मानायला न्यायालय तयार नव्हते.

१३ फेब्रुवारी १९९६ रोजी न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी आणि न्यायमूर्ती बी. एन. कृपाल यांच्या पीठाने निकाल दिला. निकालपत्राची भाषाच तापलेली आहे. देशाच्या औद्योगिकीकरणाची आणि निर्यातीची निकड पुढे करून कायद्याला धाब्यावर बसवणाऱ्या नव्या उद्योजकांवर ते पहिल्या परिच्छेदापासून तुटून पडते आणि या कंपन्यांनी ‘बदमाश उद्योग’ अशी ख्याती मिळवल्याचे नमूद करते.

रागापेक्षा त्या निकालातली कारागिरी महत्त्वाची आहे. न्यायालयाने आधी १९८६ चे संपूर्ण दायित्वाचे तत्त्व उचलले. ते केवळ ओघातले मत नाही, तो या देशाचा कायदा आहे आणि इथल्या परिस्थितीला तोच योग्य आहे, असे ठामपणे सांगितले. मग त्याला ‘प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी’ या तत्त्वाची जोड दिली. सत्तरच्या दशकात विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने पुढे आणलेले हे तत्त्व. प्रदूषण रोखण्याचा आणि झालेले नुकसान दुरुस्त करण्याचा खर्च करदात्यांवर न पडता प्रदूषण करणाऱ्या उद्योगावर पडावा, असे त्याचे सार. भारतीय न्यायालयाने एखाद्या निकालाचा आधार म्हणून ते पहिल्यांदा वापरले, ते बिछडीत.

तरी एक अडचण होतीच. तत्त्व कितीही उदात्त असले, तरी पैसे वसूल करायला कायद्यातले कलम लागते. न्यायालयाला ते १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या तिसऱ्या आणि पाचव्या कलमांत सापडले. पर्यावरणाच्या रक्षणासाठी आणि ते सुधारण्यासाठी ‘आवश्यक ते सर्व उपाय’ योजण्याचा आणि तसे निर्देश देण्याचा अधिकार ही कलमे केंद्राला देतात. ‘सर्व उपायां’त नासलेली जमीन दुरुस्त करणे येते आणि निर्देशांत त्याचा खर्च भरायला लावणेही येते, असा अर्थ न्यायालयाने लावला. भारतात स्वच्छतेच्या खर्चाची कायदेशीर वाट या वाचनाने उघडली. संसदेने न लिहिलेला सुपरफंड न्यायाधीशांनी दोन कलमांतून काढला, पण निधीशिवायचा. आधी खर्च करायला तिजोरी नव्हती. कंपनी देईल तेव्हाच काम सुरू होणार होते, आणि पुढचा सगळा घोळ इथेच झाला.

आदेश असे होते: उपायांचा नेमका खर्च केंद्र सरकारने ठरवावा आणि कंपन्यांकडून घ्यावा, पैसे मिळेपर्यंत त्यांच्या मालमत्तेवर टाच राहील, बिछडीतले सगळे कारखाने बंद करून मंडळाने त्यांना सील लावावे. याचिकादार संस्थेला खर्चापोटी ५० हजार रुपये देण्यासही सांगितले. पर्यावरणाच्या खटल्यांसाठी स्वतंत्र न्यायालये असावीत, अशी सूचनाही केली. गावकऱ्यांच्या वैयक्तिक नुकसानभरपाईचा प्रश्न मात्र दिवाणी न्यायालयांवर सोपवला. म्हणजे जमिनीला न्याय मिळाला, पण जमीन कसणाऱ्याला स्वतःच्या नुकसानीसाठी पुन्हा दाव्याची पायरी चढायची होती. या निकालाची ही उणीव त्याच्या कौतुकात सहसा झाकून जाते.

सुमारे सहा महिन्यांत या तत्त्वाने आणखी मजल मारली. २८ ऑगस्ट १९९६ रोजी तमिळनाडूतल्या पालार नदीकाठच्या चामड्याच्या कारखान्यांच्या प्रकरणात, जे ‘वेल्लोर नागरिक कल्याण मंच’ या नावाने प्रसिद्ध आहे, न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या पीठाने ‘प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी’ आणि ‘आधीच सावधगिरी घ्यावी’ ही दोन्ही तत्त्वे देशाच्या कायद्याचा भाग असल्याचे जाहीर केले. तिथेही याचिकादारांतर्फे मेहताच उभे होते. त्याच वर्षी त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला आणि १९९७ मध्ये मॅगसेसे.

बिछडीत मात्र त्याच १९९७ मध्ये वेगळेच नाट्य सुरू झाले. खर्चाचा आकडा ठरला: ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये. ४ नोव्हेंबर १९९७ च्या आदेशाने तो भरायचा होता. पैसे आले नाहीत, अर्ज आले. पुनर्विलोकन याचिका फेटाळली गेली. शेवटचा उपाय म्हणून असलेली क्युरेटिव्ह याचिकाही फेटाळली गेली. मग अंतरिम अर्जांची रीघ लागली. अंतिम निकाल लागलेल्या खटल्यात अंतरिम अर्ज हा शब्दप्रयोगच विसंगत, तरी ते दाखल होत राहिले आणि तारखा पडत राहिल्या. आता तिथे प्रदूषण उरलेलेच नाही, मग पैसे कशाचे, असाही पवित्रा होता. प्रदूषण करायचे, साफसफाई लांबवायची आणि वर्षे उलटली की काळाने सगळे धुऊन काढले म्हणायचे, अशी ही चाल होती.

या अर्जांचा निकाल १८ जुलै २०११ रोजी न्यायमूर्ती दलवीर भंडारी आणि न्यायमूर्ती एच. एल. दत्तू यांनी लावला. अंतिम निकालाला पंधरा वर्षे झाल्यावरही आदेशाची अंमलबजावणी टाळण्यासाठी खटला मुद्दाम जिवंत ठेवला गेला, असा ठपका त्यांनी ठेवला. मग त्यांनी पैशाच्या भाषेत उत्तर दिले: ३७.३८५ कोटी, त्यावर ४ नोव्हेंबर १९९७ पासून पैसे हाती येईपर्यंत दरसाल १२ टक्के चक्रवाढ व्याज आणि वर खटल्याचा खर्च म्हणून १० लाख. वार्षिक चक्रवाढीने हिशोब मांडला, तर निकालाच्या दिवशीच ही रक्कम पावणेदोनशे कोटींच्या घरात जात होती.

चक्रवाढ व्याजाची ही तरतूद निकालाचा गाभा होती. १९९७ मधले ३७ कोटी चौदा वर्षे स्वतःजवळ ठेवून धंद्यात फिरवले, तर त्यातून मिळणारी कमाई ही खटला लांबवण्याची बक्षिसी ठरते. वकिलाच्या फीपेक्षा ती कितीतरी मोठी असते. न्यायालयाच्या प्रक्रियेचा फायदा घेऊन जे कमावले ते परत करायला लावले नाही, तर प्रत्येक प्रदूषक हाच मार्ग धरील, हे न्यायाधीशांनी ओळखले होते. मूळ पैसा तर द्यायचाच, पण उशिराची किंमतही द्यायची, हा धडा पुढे पर्यावरणाबाहेरच्या खटल्यांतही उद्धृत होत राहिला.

बिछडीचा ताळेबंद मांडताना दोन रकाने करावे लागतात. कायद्याच्या रकान्यात जमेची बाजू भक्कम आहे. २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्याच्या विसाव्या कलमात ‘प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी’ हे तत्त्व शब्दशः आले. न्यायाधिकरणाने निर्णय देताना ते लावलेच पाहिजे. पुण्यातल्या पश्चिम विभागीय खंडपीठापुढे महाराष्ट्रातल्या एखाद्या कारखान्याच्या सांडपाण्याचे प्रकरण चालते आणि पर्यावरणीय भरपाई ठोठावली जाते, तेव्हा तिची मुळे मेवाडातल्या या विहिरींपर्यंत जातात. स्वतंत्र पर्यावरण न्यायालयाची १९९६ ची सूचनाही उशिरा का होईना फळाला आली.

जमिनीच्या रकान्यात तसे नाही. १९८९ मध्ये बंद झालेल्या एका वर्षाच्या उत्पादनाचा हिशोब २०११ मध्येही न्यायालयात चालू होता. दरम्यान भूजल कोणाच्या तारखेसाठी थांबत नाही. ते वाहते आणि विष पुढे नेते. दुसरे उदाहरण भोपाळचे. युनियन कार्बाइडच्या आवारात पडून राहिलेला कचरा हलवण्यासाठी मध्य प्रदेश उच्च न्यायालयात २००४ पासून प्रकरण चालू होते. गोळा करून ठेवलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला नेला गेला आणि त्याच वर्षी जाळला गेला. दुर्घटनेला तेव्हा चाळीस वर्षे उलटून गेली होती. दोन्हीकडे दोष कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक होते. अडले ते पैशापाशी, आणि आधी काम कोणी सुरू करायचे यापाशी.

ही उणीव भरून काढायचा प्रयत्न अगदी अलीकडचा आहे. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने द्यायची, राज्य मंडळाने किंवा नेमलेल्या तज्ज्ञ संस्थेने तपासणी करायची, जबाबदार व्यक्ती शोधून तिच्याकडून खर्च घ्यायचा, आणि ती देऊ शकली नाही तर केंद्राने आणि राज्याने पैशाची सोय करायची, असा त्यांचा क्रम आहे. खाणकाम, किरणोत्सारी कचरा, समुद्रातली तेलगळती आणि घनकचऱ्याचे डेपो या नियमांच्या बाहेर ठेवले आहेत. बिछडीत मेहतांना दोन कलमांच्या अर्थातून जे काढून घ्यावे लागले, त्याला आता निदान लेखी चौकट आहे.

या नियमांची खरी कसोटी सरकारने पैशाची सोय करण्याच्या तरतुदीवर लागेल. जबाबदार कोण हे ठरेपर्यंत सरकार हात बांधून बसले, तर बिछडीचीच पुनरावृत्ती होईल. आधी सरकारी पैशाने गाळ उचलला आणि मग कंपनीच्या मागे वसुली लावली, तर खटला कितीही वर्षे चालला तरी गावाच्या पाण्याला त्याची झळ पोचणार नाही. नियम आले तेव्हा देशात १०३ प्रदूषित स्थळांची नोंद झालेली होती. प्रत्यक्ष सफाईचे काम सुरू झाले होते फक्त सात ठिकाणी.